वजन कमी करायचं ऑपरेशन: स्लीव्ह की बायपास? मधुमेह आणि घशाशी आंबट येणं, दोन्ही आहे

पाटपाणी:
बहिणीसाठी विचारतोय. वय 38, उंची 158 सेंमी, वजन 104 किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) 41.7. सहा वर्षांपासून मधुमेह, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) 8.6. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू. थायरॉइडची 50ची गोळी, टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) नॉर्मल. रात्री आडवं झालं की घशाशी आंबट येतं, पॅन्टॉप्राझोल (आम्ल कमी करणारी गोळी) रोजची. सर्जननी वजन कमी करायला स्लीव्ह (जठर कापून लहान करायची शस्त्रक्रिया) सुचवली आहे, 'साधी असते' म्हणून. घरचे म्हणतात की सगळा दोष थायरॉइडचा, आधी ते बघा. आणि पोट लहान करूनही वजन परत येतं असं ऐकतो. मग निवडायचं कशावर?

कडूकारलं:
थायरॉइडला उगाच बदनाम करतात. ते कमी पडल्याने वाढणारं वजन साधारण 2 ते 5 किलो, त्यातलंही बरंचसं पाणी आणि क्षार. टीएसएच जागेवर असेल तर उरलेल्या 40 किलोंचा हिशेब त्याच्याकडे मागू नका. त्यापेक्षा औषधांची यादी बघा. ग्लिमेपिराइडने वजन वाढतं, इन्सुलिन आणि पायोग्लिटाझोननेही. मानसिक आजारावरचं ओलान्झापिन, फिटवरचं व्हॅल्प्रोएट, स्टेरॉइड ही नेहमीची मंडळी. मनाने काही बंद करू नका, मधुमेहाच्या डॉक्टरांना पर्याय विचारा. मोठं घोरणं, दिवसा डुलक्या असतील तर झोपेची तपासणी भूल देण्याआधी करून घ्या.

'खाणं आवर' हा सल्ला का टिकत नाही? वजन उतरलं की भूक आवरणारं लेप्टिन हे संप्रेरक घटतं, भूक लावणारं घ्रेलिन वाढतं, आणि बसल्याजागी जळणारे कॅलरीही अपेक्षेपेक्षा कमी होतात. शरीर जुनं वजन राखायला बघतं. ऑपरेशनचा खरा उपयोग इथे आहे, नुसती पिशवी लहान करण्यात नाही.

आपल्याकडे बीएमआय कमी असतानाच मधुमेह गाठतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. युडकिन यांची 2004 सालची जोडी प्रसिद्ध आहे: दोघांचा बीएमआय 22.3, पण शरीरातली चरबी एकाची 21.2 टक्के, दुसऱ्याची 9.1. जास्तवाले आपले. म्हणून आशियाई लोकांसाठी शस्त्रक्रियेचा विचार 27.5 पासूनही करता येतो, असं 2022च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. 41.7ला 'अजून जरा डाएट करून बघू' म्हणत वर्षं घालवू नयेत.

टाका_दोरा:
या केसमध्ये निर्णय 'साधी' या शब्दावर नको, घशाशी येणाऱ्या आंबटावर व्हावा.

स्लीव्हमध्ये जठराचा 75 ते 80 टक्के भाग उभा कापून काढतात, केळ्यासारखी नळी उरते. घ्रेलिन बनवणारा वरचा फुगीर भाग जातो, म्हणून भूक मरते. पण अन्ननलिका जठराला मिळते तिथला कोन बिघडतो आणि खालचं दार तसंच राहिल्याने नळीत दाब वाढतो. आंबट वर येणं त्यामुळे वाढू शकतं, आधी नसलेल्यांनाही सुरू होतं.

रू-एन-वाय बायपासमध्ये सुमारे 30 मिलीची पिशवी करून तिला लहान आतडं जोडतात. आम्ल तयार करणारं बाकीचं जठर बाजूला पडतं, त्यामुळे जळजळ सहसा थांबते. मधुमेहावरही पकड जास्त. एकूण वजनातली घट स्लीव्हला साधारण 25 टक्के, बायपासला 30च्या आसपास, म्हणजे इथे 78 आणि 73 किलोच्या जवळपास. मिनी बायपास (आतड्याचा एकच जोड असलेला प्रकार) सुचवला तर एक विचारा: त्यात पित्त वर येऊ शकतं, मग आधीच रिफ्लक्स (घशाशी आंबट येणं) असलेल्याला तो कशासाठी?

आधी एन्डोस्कोपी (तोंडातून दुर्बीण घालून तपासणी) हवीच. अन्ननलिकेला मोठ्या जखमा किंवा बॅरेट्स (आम्लामुळे अन्ननलिकेच्या अस्तरात झालेला बदल) दिसलं तर स्लीव्ह बाद. एच. पायलोरी (जठरातला जंतू) असेल तर आधी उपचार, कारण बायपासनंतर बाजूला पडलेल्या जठरात दुर्बीण सहज पोचत नाही.

बायपासची किंमतही ऐका. डोकेदुखी-गुडघेदुखीसाठी ब्रुफेन, डायक्लोफेनॅक आयुष्यभर वर्ज्य, तंबाखूही, नाहीतर जोडावर अल्सर होतो. गोड खाल्लं की घाम, धडधड, जुलाब. आणि महिन्या-वर्षांनी पोटात कळ येऊन गेली तर 'गॅस' म्हणून घरी थांबू नका. आतडं आतल्या फटीत अडकलेलं असू शकतं, सर्जनला दाखवून सीटी करावा.

वरणभात:
वजन परत येण्याबद्दल. सगळ्यात खालचं वजन 12 ते 18 महिन्यांत दिसतं, नंतर थोडे किलो वाढणं हा नियमच आहे. जास्त परत येतं ते बहुतेक पातळ गोडामुळे: साखरेचा चहा, सरबत, आइस्क्रीम. ते पिशवीत थांबत नाही, पोट भरल्याचं कळतच नाही. दिवसभर फरसाणाचा डबा उघडा असेल तरीही तेच. जेवताना पाणी नको, नंतर अर्धा तास थांबून घोट घोट.

ऑपरेशनआधी दोन आठवडे कमी कॅलरीचा द्रव आहार, त्याने यकृत आकसतं आणि सर्जनला जागा मिळते. या काळात ग्लिमेपिराइडचा डोस कमी न केल्यास साखर धाडकन उतरते, हे डॉक्टरांना आठवणीने विचारा. नंतर पहिले दोन आठवडे द्रव (ताक, गाळलेलं वरण, व्हे म्हणजे दुधातल्या प्रोटीनची पावडर), मग दोन आठवडे मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ मुगाची खिचडी. पोळी आणि ब्रेड सगळ्यात शेवटी, त्यांचा गोळा अडकतो.

प्रोटीन रोज 60 ते 80 ग्रॅम. शाकाहारी असतील तर नुसत्या वरणावर भागत नाही. 100 ग्रॅम पनीर म्हणजे 18च्या आसपास, व्हेचा एक चमचा (डब्यातला) साधारण 24. गोळ्या कायमच्या: मल्टिव्हिटामिन, बी12, डी, लोह, आणि कॅल्शियम सायट्रेट 1200 ते 1500 मिग्रॅ विभागून. लोह आणि कॅल्शियममध्ये दोन तासांचं अंतर. उलट्या थांबत नसतील तर लगेच दवाखाना, थायामिन (बी1 जीवनसत्त्व) संपून मेंदूला इजा होते, आणि ग्लुकोजच्या सलाइनआधी थायामिन द्यायला सांगा. गर्भधारणा 12 ते 18 महिने नको.

घरी आल्यावर नाडी 120च्या वर, ताप, डाव्या खांद्यात दुखणं, धाप: फोनवर विचारत बसू नका, थेट इमर्जन्सीत.

पाटपाणी:
एन्डोस्कोपी झालेलीच नाही. आधी तीच सांगतो. विमा मिळतो का?

टाका_दोरा:
सर्वसाधारण अट: बीएमआय 40 किंवा अधिक, अथवा 35 आणि सोबत गंभीर आजार, जसा आटोक्यात नसलेला मधुमेह. वय 18 पूर्ण आणि डॉक्टरांचा लेखी सल्ला. तुमच्या पॉलिसीतला प्रतीक्षा कालावधी तपासा, आणि वजन-उंचीची नोंद केसपेपरवर तारखेसह असू द्या.