मदत हवी आहे: बारशासाठी बिस्किट ट्रफल करतोय, कोटिंगला घाम येतोय आणि तडे जातायत

नमस्कार मंडळी,

माझ्या बहिणीच्या मुलीचं बारसं पुढच्या रविवारी आहे, डोंबिवलीला तिच्या सासरी, हॉल घेतलाय. मी परळला राहतो. पेढे-बर्फी दोन्ही घरची मंडळी आणतीलच, पण मामाकडून काहीतरी स्वतःच्या हातचं जावं असं मला फार वाटतंय म्हणून ट्रफल करायचं ठरवलंय, ओव्हन न लावता होतात ते, म्हणजे बिस्किटाचा चुरा क्रीम चीजमध्ये मळायचा, गोळे वळायचे आणि वरून वितळलेल्या चॉकलेटचं कडक कोटिंग द्यायचं. साधारण १०० नग लागतील. घरी ओव्हन नाहीये त्यामुळे केक वगैरे शक्य नाही.

आत्ता माझं प्रमाण असं आहे, ३०० ग्रॅम काळी क्रीमची बिस्किटं आतल्या क्रीमसकट मिक्सरमधून बारीक, त्यात १५० ग्रॅम क्रीम चीज, १५ ग्रॅमचे गोळे, ३० होतात. ते फ्रीझरमध्ये तासभर ठेवतो, मग व्हाइट कंपाऊंड (म्हणजे कोको बटरऐवजी वनस्पती फॅट वापरलेलं पांढरं चॉकलेट) डबल बॉयलरवर, म्हणजे गरम पाण्याच्या भांड्यावर दुसरं भांडं ठेवून, वितळवून त्यात बुडवतो आणि परत फ्रिजमध्ये. चवीला घरात सगळ्यांना आवडलेत, आईने तर बारशापर्यंत थांबायला पण नकार दिला. प्रश्न सगळा वरच्या कोटिंगचा आहे. फ्रिजमधून बाहेर काढले की पाच मिनिटांत वर पाण्याचे थेंब, हात लावला की चिकट, आणि ते पाणी वाळलं की वर पांढुरके डाग राहतात. दुसरं म्हणजे कोटिंग सुकताना बारीक तडे जातात, कधी कधी त्या तड्यातून आतलं सारण तेलकट होऊन बाहेर येतं. तिसरं, अर्धे ट्रफल पिवळे करायचेत म्हणून जेल कलरचे दोन थेंब टाकले तर अख्खं चॉकलेट घट्ट रवाळ गोळा होऊन बसलं, गरम केलं तरी परत पातळ होईना.

आणि हे सगळं ऑक्टोबरच्या उकाड्यात लोकलने डोंबिवलीपर्यंत न्यायचंय, घरापासून हॉलपर्यंत सहज दीड तास जातो. गाडी करून गेलो तरी वेळ तेवढाच. ज्यांनी मुंबईच्या हवेत हे केलंय त्यांनी प्लीज सांगा काय बदलू, क्रीम चीजच्या जागी दुसरं काही चालेल का, आणि कोटिंगसाठी कंपाऊंडच ठेवू का खरं चॉकलेट आणू.

प्रतिसाद १

अभिनंदन मामा! पहिली गोष्ट, क्रीम चीज या कामासाठी बादच करा. क्रीम चीजचा पदार्थ फ्रिजबाहेर दोन तासांच्या वर ठेवू नये, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. आत्ता दुपारी ३५ च्या आसपास असतं, तुमचा प्रवासच दीड तासाचा, वर हॉलमध्ये पूजा, नाव ठेवणं, पाळणा, मग जेवणं, म्हणजे चार तास सहज. लहान मुलं, म्हातारी माणसं सगळी खाणार. कंडेन्स्ड मिल्क घाला, त्यात साखर भरपूर आणि पाणी कमी असल्यामुळे ते बाहेर टिकतं. ३०० ग्रॅम बिस्किटाला १०० ग्रॅमपासून सुरुवात करा आणि गोळा वळेल इतकंच वाढवा, एकदम ओतू नका. गोड जास्त होतं म्हणून मी चिमूटभर मीठ आणि चमचाभर कोको पावडर घालते.

कोणी चक्का घाला असं सांगेल, श्रीखंडाचा असतो तो, चव छान लागते पण त्यात क्रीम चीजपेक्षाही पाणी जास्त, तो घरी लगेच खायचा असेल तरच.

प्रतिसाद २

मी गिरगावात घरून होममेड चॉकलेटच्या ऑर्डरी घेते, दिवाळीच्या आधी नेमका हाच सीझन असतो आणि हेच प्रॉब्लेम सगळ्यांना येतात म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तडे जातात कारण आतला गोळा फ्रीझरमधला असतो. वरचं कोटिंग थंड गोळ्यावर पटकन घट्ट होतं आणि आकसतं, आणि आतला गोळा मात्र नंतर बाहेरच्या हवेत फुगायला लागतो, मग कोटिंग जाणार कुठे, फाटतंच. गोळे फ्रीझरला नको, फ्रिजमध्ये अर्धा पाऊण तास पुरे, आणि बुडवायच्या आधी दहा-पंधरा मिनिटं बाहेर काढून ठेवा, हाताला गार लागले पाहिजेत पण दगड नकोत. कंडेन्स्ड मिल्कचे गोळे तसेही घट्ट राहतात. कोटिंग एकच जाड देण्यापेक्षा दोन पातळ द्या, पहिलं सुकलं की दुसरं, म्हणजे पहिल्यात एखादं भोक राहिलं असेल तर ते बंद होतं. तुमचं सारण बाहेर येतंय ते अशाच बारीक भोकातून.

घाम येतो त्याचं कारण आपली हवा. फ्रिजमधली ४-५ अंशांची वस्तू मुंबईच्या दमट हवेत आणली की तिच्यावर पाणी धरणारच. त्या पाण्यात वरची साखर विरघळते आणि पाणी उडून गेलं की तीच साखर पांढरी होऊन वर बसते, ते तुमचे डाग. म्हणून कोटिंग केल्यावर फ्रिजमध्ये ठेवूच नका. बेडरूममध्ये एसी असेल तर २३-२४ वर लावा, दार बंद करा, तिथेच बुडवा आणि तिथेच बटर पेपरवर सुकवा. एसीची हवा कोरडी असते, कंपाऊंड दहा-पंधरा मिनिटांत आपोआप सेट होतो. पंखा थेट अंगावर नको.

आणि फ्रिजमध्ये ठेवायची वेळ आलीच तर आधी हवाबंद डब्यात भरा, झाकण लावा, मग फ्रिजमध्ये. बाहेर काढल्यावर तासभर झाकण उघडायचं नाही, कितीही मोह झाला तरी. पाणी डब्याच्या बाहेरून धरतं, आतल्या मालाला काही होत नाही. घरातल्या सगळ्यांना आधीच सांगून ठेवा कारण कोणीतरी उघडून बघतंच.

वितळवताना खालचं पाणी उकळत नको, नुसतं गरम, आणि वरचं भांडं खालच्यापेक्षा मोठं घ्या म्हणजे वाफ आत येत नाही. चमचा, भांडं, हात सगळं कोरडं. व्हाइट कंपाऊंड फार तापवलं की जाड आणि रवाळ होतं, हाताला कोमट-गरम लागेल इतकंच, ४०-४५ अंश. मायक्रोवेव्ह असेल तर अर्ध्या पॉवरवर ३० सेकंद, ढवळा, परत ३० सेकंद.

प्रतिसाद ३

मी थोडं वेगळं म्हणेन. कंपाऊंड तोंडात मेणासारखा लागतो, भाचीचं बारसं आहे तर खरं चॉकलेट वापर रे भाऊ. खर्च जास्त येतो पण चव कुठच्या कुठे जाते. टेंपर करावं लागतं इतकंच, म्हणजे ठरावीक अंशांना वितळवून, गार करून, परत किंचित गरम करायचं, की ते कडक आणि चकचकीत सेट होतं. डार्क असेल तर ४५-५० ला वितळव, २७-२८ पर्यंत खाली आण, परत ३१-३२ ला ने आणि बुडव. व्हाइटला हे सगळं दोन-तीन अंश खाली. एक साधा किचन थर्मामीटर घे, अंदाजाने होत नाही.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. क्रीम चीज रद्द. एसी आमच्याकडे बाहेरच्या खोलीत आहे, तिथेच बसेन. प्रतिसाद ३ वाल्या दादांचं चवीचं पटतंय, मग असं केलं तर, अर्धं कंपाऊंड अर्धं खरं चॉकलेट मिसळलं तर चव पण येईल आणि टेंपरिंग पण टळेल का? आणि कंपाऊंड पातळ करायला खोबरेल तेल घालतात असं बऱ्याच ठिकाणी वाचलं, ते बरोबर आहे का?

प्रतिसाद २ कडून

मिसळू नका, अजिबात नाही. कंपाऊंडमध्ये पाम कर्नेलसारखं वनस्पती फॅट असतं आणि खऱ्या चॉकलेटमध्ये कोको बटर, ही दोन फॅट एकमेकांत नीट जमत नाहीत. निम्मं-निम्मं केलं की कोटिंग दोन्हींपेक्षा मऊ पडतं आणि काही दिवसांत वर पांढरी साय आल्यासारखी दिसते. एक तर हे नाहीतर ते. खरं चॉकलेट मलाही आवडतं, पण कोको बटर ३४ अंशांच्या आसपास वितळतं आणि त्याच्या बऱ्याच आधी मऊ पडायला लागतं, तुमच्या लोकलच्या डब्यात त्याहून कमी नसणार. चवीची काळजी आतल्या सारणात घ्या, चांगलं कोको, मीठ, थोडी कॉफी, मग कोटिंग पातळ असल्यावर मेणचटपणा जाणवत नाही.

खोबरेल तेल २४ अंशांना पातळ होतं, आपल्याकडे या दिवसात बाटलीत कधी गोठलेलं दिसतं का? तेच कोटिंगमध्ये गेलं तर कोटिंग पण मऊ राहणार. परदेशात थंड हवेत चालत असेल. पातळ करायचंच असेल तर २०० ग्रॅम कंपाऊंडला छोटा चमचा डालडा, त्याहून जास्त नको.

प्रतिसाद ४

पिवळ्या रंगाबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितेय. जेल कलरमध्ये पाणी असतं, चॉकलेटमध्ये थोडंसं पाणी पडलं की साखरेचे आणि कोकोचे कण एकमेकांना चिकटतात आणि तो गोळा होतो. चॉकलेटसाठी तेलात मिसळणारे रंग वेगळे मिळतात किंवा पावडर रंग, क्रॉफर्ड मार्केटला बेकिंगच्या सामानाच्या दुकानात मागा. तिथेच कंपाऊंडचे स्लॅब, छोटे पेपर कप, रंगीत फॉइल सगळं मिळतं आणि स्वस्त पडतं. रविवारी जाऊ नका, बरीचशी दुकानं बंद असतात. १०० नगांना कोटिंग ६००-७०० ग्रॅम लागेल पण बुडवायला भांड्यात खोली पाहिजे म्हणून किलोभर घ्या, उरलेलं परत वितळवता येतं.

तो घट्ट झालेला गोळा फेकला नसेल तर गरम दुधात ढवळून सॉस करा, कोटिंगला चालणार नाही पण मुलं आइस्क्रीमवर घालून खातील.

प्रतिसाद ५

रविवार आहे, मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक आधी बघून ठेवा, ब्लॉक असला तर स्लो गाड्या फास्ट ट्रॅकवरून जातात आणि मधली स्टेशनं सुटतात. ब्लॉक सुरू व्हायच्या आधी सकाळीच निघालात तर गर्दी पण कमी आणि ऊन पण. डबे पसरट घ्या, एका थरात ठेवा, दोन थर केलेच तर मध्ये बटर पेपर. वरच्या रॅकवर ठेवू नका, मांडीवर घ्या.

धागाकर्ता

काल कंडेन्स्ड मिल्क घालून थोडे करून बघितले, एसीमध्येच बुडवले आणि तिथेच सुकवले. तडे नाहीत, घाम नाही, आज सकाळपर्यंत बाहेर होते तरी चकचकीत आहेत, फार बरं वाटलं! बहिणीला फोटो पाठवला तर ती म्हणाली पिवळे नको पांढरेच राहू दे आणि वर केशराच्या काड्या लाव. आता एकच राहिलंय, प्रत्येकाच्या खाली चॉकलेटचा चपटा पाय होतोय आणि तो पेपर कपमध्ये बसत नाही.

प्रतिसाद २ कडून

प्लास्टिकच्या काट्याचे मधले दोन दात तोडून टाका, त्या दोन दातांवर गोळा उचला, भांड्याच्या काठावर हलकेच चार-पाच वेळा आपटा आणि खालचं काठाला पुसून मगच बटर पेपरवर ठेवा. तरी पाय राहिलाच तर पूर्ण सुकल्यावर बोथट सुरीने कापून घ्या. केशर मात्र कोटिंग ओलं असतानाच लावा, नंतर चिकटत नाही, आणि काड्या कोरड्याच, दुधात भिजवलेल्या नको. शनिवारी दुपारी करायला बसा, रात्रभर एसीच्या खोलीतच राहू द्या, सकाळी तिथेच डब्यात भरा आणि निघा.

धागाकर्ता

शनिवारी दुपारीच बसतो ताई. काटे आणि पेपर कप दादरला मिळाले नाहीत तर उद्या ऑफिस सुटल्यावर क्रॉफर्डला जाऊन येईन.