हॅकॅथॉनच्या आधीचं एक दिवसाचं वर्कशॉप : नवख्यांना नेमकं काय शिकवायचं?

गोदाकाठ :
गेल्या महिन्यात नाशिकच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात हॅकॅथॉनच्या (टीमनं सलग बसून कोडिंगनं काहीतरी बनवायच्या स्पर्धेच्या) आधीच्या रविवारी नवख्यांसाठी वर्कशॉप होतं. मी मेंटर म्हणून गेले होते. मुलं चाळीस, मेंटर आम्ही तिघं. सकाळी दहाला सुरुवात झाली आणि दुपारचा दीड वाजला तरी गिट (कोडमधले बदल नोंदवून ठेवणारं सॉफ्टवेअर) इन्स्टॉल करणंच चाललं होतं.

माझ्या रांगेत दिंडोरीहून आलेली एक मुलगी होती. सेकंड इयर, लॅपटॉप चुलतभावाकडून मागून आणलेला. तिचा पहिला कमिट, म्हणजे बदलाची नोंद, नीट झाला. तो गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर चढवताना, म्हणजे पुश करताना, मात्र पासवर्ड घेईना. आपलंच चुकतंय असं समजून तिनं चार वेळा टाकून पाहिला, मग बदलून पाहिला, तरी तेच. गिटहबनं १३ ऑगस्ट २०२१ पासून कमांड लाइनवर खात्याचा पासवर्ड स्वीकारणं बंद केलं आहे, त्याऐवजी टोकन किंवा एसएसएच की लागते. स्लाइड्स त्याच्या आधीच्या होत्या, आणि स्टेजवर तोवर पुढचा विषय सुरू झाला होता. मी तिच्यापर्यंत पोचले तेव्हा साडेतीन झाले होते. चारला ती एसटी गाठायला निघून गेली.

पुढच्या आठवड्यात हॅकॅथॉनमध्ये ती पुन्हा दिसली. टीमनं तिला सांगितलं होतं, ‘तू पीपीटी कर.’ स्मार्ट इंडिया हॅकॅथॉनमध्ये सहा जणांच्या टीममध्ये किमान एक मुलगी हवी असा नियम आहे, आणि तो मला पूर्ण मान्य आहे. पण कोडला हात लावण्याची तयारीच कुणी करून घेतली नाही, तर नियमानं आत आलेली मुलगी पीपीटीपाशीच अडकते. हे मी डोळ्यांनी पाहिलंय आणि त्याचा मला त्रास होतो.

माझं म्हणणं असं की इन्स्टॉलेशन वर्कशॉपमधून काढून टाका. ते आदल्या दिवशी संध्याकाळी, ज्याला लागेल त्याच्यासाठी वेगळं ठेवा. सकाळच्या पहिल्या तासात प्रत्येकानं ब्राउझरमधूनच एक फाइल बदलावी. दुसऱ्याच्या रेपोतली (प्रोजेक्टच्या फाइलींच्या साठ्यातली) फाइल तिथे एडिट केली की फोर्क, म्हणजे आपली वेगळी प्रत, आपोआप होतो आणि पुल रिक्वेस्ट, म्हणजे ‘माझा बदल घ्या’ अशी विनंती, पाठवता येते. दुपारी दोघादोघांच्या जोड्या करून एकाच फाइलची एकच ओळ दोघांना बदलायला लावा आणि मर्ज कॉन्फ्लिक्ट, म्हणजे दोघांचे बदल एकत्र (मर्ज) करताना होणारी टक्कर, मुद्दाम घडवून आणा. हॅकॅथॉनमध्ये रात्री दोन वाजता टीम फुटते ती याच जागी. एकानं दुसऱ्याचं काम पुसलेलं असतं आणि कुणाला काही कळत नसतं. कॉन्फ्लिक्ट झाला की गिट फाइलमध्ये घालतं ती चिन्हांची रांग पोरांनी पहिल्यांदा दिवसाउजेडी, शेजारी कुणी बसलेलं असताना पाहावी.

सातपूरवाला :
ताई, पासवर्डचा किस्सा वाचून वाईट वाटलं, पण तुमचा उपाय मला पटत नाही. मी नोकरी सांभाळून एक छोटा ओपन सोर्स प्रोजेक्ट (ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो असा) चालवतो. ‘प्रत्येकाची एक पुल रिक्वेस्ट’ हे ध्येय ठेवलं की काय होतं ते आम्ही भोगलंय. २०२० चं हॅक्टोबरफेस्ट आठवा, ऑक्टोबरमध्ये ओपन सोर्स प्रोजेक्टना पुल रिक्वेस्ट पाठवायचा तो उपक्रम. टीशर्टसाठी रीडमी फाइलमध्ये एखादा शब्द घुसडून लोकांनी इतक्या रिक्वेस्ट पाठवल्या, की शेवटी आयोजकांना नियम बदलावा लागला आणि ज्या प्रोजेक्टची इच्छा असेल तेवढेच सहभागी झाले.

माझ्याकडे मागे एक रिक्वेस्ट आली. एका शब्दाचं स्पेलिंग दुरुस्त केलेलं, पण बदललेल्या ओळी दिसत होत्या चारशेच्या वर. विंडोजवरच्या एडिटरनं प्रत्येक ओळीच्या शेवटची न दिसणारी खूण बदलून ठेवली होती. मी तीनदा समजावून लिहिलं. समोरून उत्तर आलं, ‘सर प्लीज मर्ज करा, सर्टिफिकेटला लागतं.’ त्या मुलावर माझा राग नाही. त्याला ज्यानं पाठवलं त्याच्यावर आहे.

आधी तीन आठवडे घरी स्वतःच्या प्रोजेक्टवर गिट वापरा, रोज कमिट करा, मगच वर्कशॉपला या. पाया नसताना मजला चढवू नका.

पंचवटी_लॅब :
मी शिकवतो, म्हणून दुसरी बाजू सांगतो. लॅबच्या मशीनवर विद्यार्थ्याला काही इन्स्टॉल करण्याची परवानगी नसते आणि रविवारी अ‍ॅडमिन सापडत नाही. त्यामुळे ब्राउझरचा मुद्दा एकदम मान्य. पण ‘तीन आठवडे घरी’ हे कुणाला जमतं? ज्याच्या घरी स्वतःचा लॅपटॉप आहे त्याला. म्हणजे दिंडोरीची मुलगी दारातच गळाली.

दुसरं, मेंटरची संख्या. मुलींना वेब प्रोग्रॅमिंग शिकवणाऱ्या, २०१४ मध्ये बर्लिनमध्ये सुरू झालेल्या जँगो गर्ल्सच्या वर्कशॉपमध्ये साधारण तीन मुलींमागे एक कोच ठेवतात. चाळिसांना तिघे हे गणित मुळातच चुकलंय. त्यात कार्यक्रम कितीही चांगला आखला तरी साडेतीनच वाजणार. मुलं चाळीसऐवजी पंधरा घ्या.

नवखी_सिडको :
मी अशाच एका वर्कशॉपला बसले होते. ‘कुणाला काही अडचण?’ असं माइकवरून विचारलं की हात वर होतच नाही. सगळे वळून बघतात. आणि एरर इंग्रजीत लाल अक्षरात आला की मी वाचायच्या आधीच विंडो बंद करायचे. एका दादानं शेजारी बसून तो एरर मोठ्यानं वाचायला लावला आणि विचारलं, ‘आता मराठीत सांग, तो काय म्हणतोय?’ त्यात लिहिलं होतं की तुझ्याकडे नाही असं काम तिकडे आहे, आधी ते ओढून घे. म्हणजे पुल कर. उत्तर त्या एररमध्येच होतं! मला त्या दिवसातलं तेवढंच आठवतंय, पण ते रोज कामी येतं.

गोदाकाठ :
नवखी_सिडको, हे मी उचलणार. एरर मराठीत सांगायला लावणं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. हात वर करण्याच्या संकोचावर सॉफ्टवेअर कार्पेंट्रीच्या (संशोधकांना कोडिंग शिकवणाऱ्या संस्थेच्या) वर्कशॉपमध्ये साधी सोय असते : प्रत्येकाला दोन रंगांच्या चिकट चिठ्ठ्या. एक लॅपटॉपच्या पाठीवर लावली की काम झालं, दुसरी लावली की अडलंय. कुणाला तोंड उघडावं लागत नाही, आणि स्टेजवरच्या माणसालाही दिसतं की अर्धा वर्ग अडलाय, तेव्हा पुढे जायचं नाही.

सातपूरवाला दादा, तुमच्या रेपोवर चाळीस जणांना सोडा असं मी म्हणत नाहीये. सकाळची रिक्वेस्ट सरावाच्या रेपोत, तिथे मर्ज करणारे आम्हीच. पण पायाबद्दल तुमच्याशी भांडणार. २०१५ च्या सिंहस्थाच्या निमित्तानं एमआयटीच्या रमेश रासकरांच्या पुढाकारानं नाशकात कुंभथॉन, म्हणजे कुंभमेळ्यातल्या प्रश्नांवर उपाय शोधणारं हॅकॅथॉन, झालं. तिथे प्रश्न सुरू होत होते घाटावरच्या गर्दीपासून, आरोग्यापासून. ते कमांड पाठ असणाऱ्यापेक्षा गावाला ओळखणाऱ्याला जास्त कळतात. २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे. दिंडोरीच्या मुलीला बसस्टँडवर काय अडतं ते माहीत आहे, आणि तिला आपण तीन आठवडे दाराबाहेर ठेवायचं?

सातपूरवाला :
दाराबाहेर ठेवा असं नाही. पण गाव ओळखणारी मुलगी आणि कोड लिहिणारी मुलगी एकच व्हायची असेल, तर एका रविवारात ते होत नाही, यावर मी ठाम आहे. वर्कशॉपनंतरचे तीन आठवडे कोण सोबत राहणार? तुमच्या आखणीत ते कुठेच नाही.

सरावाचा रेपो मान्य, फक्त त्यात गिटअ‍ॅट्रिब्यूट्सची फाइल आधीच टाकून ठेवा म्हणजे ओळींच्या शेवटाचा घोळ होणार नाही. आणि खऱ्या कामासाठी माझ्या प्रोजेक्टमध्ये सोप्या दुरुस्त्या मी बाजूला काढून ठेवतो. दहा. त्याहून जास्त मला तपासायला झेपणार नाहीत. अट एकच : ज्यानं एक घेतली, त्यानं मी सुचवलेले बदल करून ती पूर्ण करायची, मग दोन आठवडे लागले तरी चालेल. आणि सर्टिफिकेट त्याला जोडायचं नाही.

पंचवटी_लॅब :
सर्टिफिकेट काढलं तर चाळिसातले पंचवीस येणार नाहीत.

गोदाकाठ :
मग पंधरा उरतात, सर. तुम्हीच म्हणालात ना पंधरा घ्या? पाच मेंटर मी जमवते. नंतरच्या तीन आठवड्यांचं दादांचं बरोबर आहे, ते माझ्याकडून सुटलं होतं. लॅब बुधवारी संध्याकाळी दोन तास उघडी ठेवता येईल का, तेवढं विचारून सांगा. पाचच्या आत संपलं पाहिजे, बाहेरगावच्या मुलींना एसटी मिळायला हवी.

पंचवटी_लॅब :
बुधवारी प्रॅक्टिकल चारला संपतं. चार ते पाच मिळेल, दोन तासांचं अवघड आहे. शुक्रवार चालेल का ते पाहतो.