एअर डेक्कन बुडाली की बुडवली?

हुबळीकर

छोट्या शहरांच्या विमानसेवेचा विषय निघाला की "तिथे प्रवासीच नाहीत" हे वाक्य ठरलेलं असतं. मला ते अजिबात मान्य नाही, आणि त्याचं कारण एअर डेक्कन या स्वस्त विमान कंपनीचा इतिहास हेच आहे.

सैन्यातून बाहेर पडलेल्या कॅप्टन गोपीनाथ यांनी 1997 मध्ये हेलिकॉप्टरची कंपनी काढली आणि 2003 मध्ये एटीआर ही पंख्यावर चालणारी छोटी विमानं घेऊन एअर डेक्कन सुरू केली. हुबळी, विजयवाडा, राजमुंद्री अशी गावं नकाशावर आली. फुकट जेवण नाही, तिकीट इंटरनेटवर, काही ठिकाणी तर पेट्रोल पंपावरही. आणि ब्रँडचा चेहरा कोण? आर. के. लक्ष्मण यांचा कॉमन मॅन! धोतर आणि चौकड्यांचा कोट घातलेला माणूस विमान कंपनीचं बोधचिन्ह होतो, यातच या कंपनीचं सगळं धोरण आलं.

मग 2007 मध्ये विजय मल्ल्यांच्या किंगफिशर विमान कंपनीने 550 कोटी रुपयांना 26 टक्के हिस्सा घेतला. त्या वेळी परदेशी उड्डाणासाठी देशात पाच वर्षं सेवा दिल्याची अट होती. किंगफिशर 2005 ची, डेक्कन 2003 ची. म्हणजे विकत घेतलं ते कंपनीचं वय. आधी नाव 'सिंप्लिफ्लाय डेक्कन' झालं, मग 'किंगफिशर रेड'. 2011 मध्ये स्वस्त सेवा गुंडाळायची घोषणा झाली आणि 2012 च्या ऑक्टोबरात उरलेली विमानंही जमिनीवर आली. प्रवासी होते, ब्रँड होता. तो बुडवला गेला असं माझं स्पष्ट मत आहे.

ताळेबंद

हुबळीकर, पाच वर्षांच्या अटीबद्दल तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. पण विकणाऱ्याने का विकली, हे तुम्ही सांगत नाही. पैसे संपत आले होते म्हणून. 2006 च्या भागविक्रीला बाजाराने थंड प्रतिसाद दिला, तेव्हाच ते दिसलं होतं. एक रुपयाच्या तिकिटाने नाव झालं, पण ते पहिल्या काही जागांपुरतं असतं. बाकीच्या जागा पुरेशा भावाने विकल्या गेल्या तरच गणित जमतं. त्यात 2005 ते 2006 या काळात स्पाइसजेट, गोएअर, इंडिगो एकामागून एक उतरल्या, त्यामुळे भाव वाढवायची सोयच राहिली नाही.

आणि लहान गावाचं अर्थकारण मुळातच अवघड असतं. विमान हवेत असतं तेव्हाच कमावतं. तासाभराच्या फेरीत अर्धा वेळ चढण्या-उतरण्यात जातो. दिवसाला एकच फेरी असली तरी काउंटर, सामान, सुरक्षा यांची माणसं पूर्ण पगारावर ठेवावी लागतात. धावपट्टीवर रात्री उतरायची सोय नसेल, तर सकाळी झालेल्या उशिरापायी संध्याकाळची फेरी रद्दच. किंगफिशर आली नसती तरी डेक्कन टिकली नसती.

हुबळीकर

एटीआरला तेव्हा मिळणाऱ्या सवलतीही मोजा ना. 80 पेक्षा कमी आसनांच्या विमानाला लँडिंगचं शुल्क माफ, इंधनावर 4 टक्के कर. मोठ्या जेटला राज्याराज्यांत याच्या कितीतरी पट कर भरावा लागायचा. डेक्कनची खरी चूक ए320 ही मोठी जेट विमानं घेऊन महानगरांच्या मार्गावर सगळ्यांशी भिडण्याची. ज्या गावांत स्पर्धक नव्हता तिथेच राहिली असती, तर चित्र वेगळं असतं.

ताळेबंद

उलट आहे. महानगरांच्या मार्गावर रोजची रोख मिळते, वैमानिक मिळतात, सुटे भाग एका जागी ठेवता येतात. निव्वळ लहान गावांवर उभं राहण्याचा प्रयोग सरकारनेही केला होता. वायुदूत, 1981. एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्सची संयुक्त कंपनी, मुख्यतः ईशान्येसाठी काढलेली. पुढे डॉर्नियर विमानं घेऊन देशभर पसरली आणि 1993 मध्ये तोट्यामुळे इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन करायची वेळ आली. तिथे तर कुणी मल्ल्या नव्हते.

खानदेशी

तुम्ही दोघंही 2012 ला थांबलात. एअर डेक्कनचा दुसरा जन्म आमच्या जळगावात झालाय. लहान शहरांच्या विमानसेवेला सरकारी मदत देणाऱ्या 'उडान' योजनेत 2017 च्या डिसेंबरात जळगाव–मुंबई सेवा सुरू झाली, अठरा-एकोणीस आसनांच्या बीचक्राफ्ट विमानाने. तासाभराच्या प्रवासाला ठरावीक जागांचं भाडं साधारण 2500 रुपयांच्या आत, उरलेली तूट सरकार तीन वर्षं भरणार. कागदावर योजना उत्तम होती.

अडलं कुठे? मुंबईत. तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकीचाच वापर होतो. सकाळचा एक स्लॉट, म्हणजे उतरायची-उडायची ठरलेली वेळ, 180 आसनांच्या विमानाला द्यायचा की 18 आसनांच्या, हा प्रश्न विमानतळ चालवणाऱ्यासमोर असतो आणि त्याचं उत्तर सगळ्यांना माहीत आहे. गावाकडच्या माणसाला मुंबईत सकाळी पोचून संध्याकाळी परतायचं असतं. भलत्या वेळेला पोचवणाऱ्या विमानाचा त्याला उपयोग नाही. 2020 च्या एप्रिलमध्ये कोविडच्या धक्क्याने दुसरी एअर डेक्कनही थांबली.

महालेखापरीक्षकांचा 2023 चा अहवाल वाचून मला फार वाईट वाटलं. उडानच्या तिसऱ्या फेरीपर्यंत 774 मार्ग दिले, त्यातले 403 सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या 371 पैकी 112 मार्गांनी तीन वर्षं पूर्ण केली, आणि त्यानंतर मार्च 2023 पर्यंत टिकले फक्त 54. एवढे सगळे मार्ग एकट्यादुकट्या कंपनीच्या गैरव्यवस्थापनाने बुडत नाहीत. दोष रचनेत आहे.

रुळावरून

ताई, हेच आकडे माझ्या बाजूने बोलतात. या योजनेचा निधी इतर विमानप्रवाशांवरच्या आकारणीतून येतो. जळगाव मुंबईच्या मुख्य रेल्वेमार्गावर आहे, रात्री बसलं की सकाळी दादर. अठरा लोकांसाठी एवढा खटाटोप करण्यापेक्षा आरक्षित डबे वाढवा, हजारोंची सोय होईल.

खानदेशी

डबे वाढवाच, मी कशाला नको म्हणू? पण हृदयाच्या रुग्णाला तपासणीला नेताना रात्रभराचा प्रवास काय असतो, हे ज्याने केलंय त्याला विचारा. आणि नांदेडचं काय? तिथून मुंबईची गाडी किती तास घेते ते बघा, मग बोलू.

सह्यकडा

नांदेडचं नाव निघालं म्हणून लिहितो. उडानच्या पहिल्याच दिवशी, 27 एप्रिल 2017 ला, नांदेड–हैदराबाद विमान ट्रूजेटने सुरू केलं. ती कंपनीही 2022 मध्ये बंद पडली. तरीही मी निराश नाही, कारण कोल्हापूरच्या घोडावत समूहाची स्टार एअर 2019 पासून उडतेय. तिने बेळगाव, कलबुर्गी अशी गावं एकमेकांशी आणि बेंगळुरूशी जोडली, मुंबईच्या दारात सगळा जीव टांगून ठेवला नाही. एम्ब्रेअरची जेट असल्याने लांबचा पल्लाही जमतो. 2024 मध्ये गोव्याहून सुरू झालेली फ्लाय 91 सुद्धा एटीआरवर सोलापूर, सिंधुदुर्ग, जळगाव अशीच गावं जोडते आहे. त्यामुळे हुबळीकरांचं म्हणणं मला जास्त पटतं. लहान राहून लहान गावांत रुजता येतं.

ताळेबंद

स्टार एअरमागे मोठा उद्योगसमूह आहे, म्हणून वाट बघायची ताकद आहे. तेवढं भांडवल डेक्कनकडे नव्हतं, वायुदूतला सरकारने दिलं नाही. माझा मुद्दा तोच आहे.

खानदेशी

वाट बघायची ताकद फक्त कंपनीने का दाखवायची? 8 ऑक्टोबर 2025 ला नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं. तिथे सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहानंतरचे काही स्लॉट राज्यातल्या शहरांसाठी कायम राखून ठेवा, 80 पेक्षा कमी आसनांची विमानं चालवणाऱ्या कंपन्यांनाच द्या, आणि अनुदान तीनऐवजी पाच वर्षं करा. सगळे स्लॉट एकदा मोठ्या विमानांनी भरले की मग ते कुणी परत देणार नाही. आमच्या आमदार-खासदारांनी हे आत्ताच मागायला हवं.