मदत हवी आहे: व्हॅनसाठी घरी साधा सॉकेट की ७.४ किलोवॅटचा वॉलबॉक्स (भिंतीवर बसवायचा चार्जर)?

मंडळी, साताऱ्यात बेकरीच्या मालासाठी ३० युनिट बॅटरीची इलेक्ट्रिक व्हॅन घेतोय. घरच्या १५ अँपिअर सॉकेटवर ३.३ किलोवॅटने रात्रभरात होईल चार्ज, पण मागे गीझर चालू असताना प्लग हाताला चटका बसेल इतका तापला होता, म्हणून भीती वाटते. डीलर म्हणतो ३२ अँपिअरचा वॉलबॉक्स लावा, पण गाडीतला चार्जरच ३.३ चा असेल तर त्याचा काय उपयोग?? सँक्शन लोड (घराला मंजूर असलेला वीजभार) ३ किलोवॅटच आहे, तो वाढवू की महावितरणचं वेगळं मीटर घेऊ? आणि पुण्याला जाताना खंबाटकी घाटाच्या अलीकडे रात्री खात्रीने चालू असणारा सीसीएस-२ प्लगचा फास्ट चार्जर कुठंय? वायरमन नवशिका आहे, अर्थिंगचंही सांगा जरा.