फ्रान्सच्या नदीखोऱ्यांतून सायकलने : तुम्ही पाणी कुठे भरलेत?

नकाशावाली

गेल्या रविवारी माळा आवरताना सायकलच्या जुन्या पिशवीत घडी घातलेला एक नकाशा सापडला आणि दुपारभर मी तोच पसरून बसले. नैऋत्य फ्रान्समधल्या लॉत नदीच्या खोऱ्याचा तो नकाशा आहे. २०११ च्या जूनमध्ये आम्ही दोघे काओरहून निघून लॉतच्या काठाने वर गेलो, सेले या उपनदीच्या खोऱ्यात शिरलो, फिझाक गाठले आणि नऊ दिवसांनी काओरला परतलो. वाटेत जिथे जिथे पिण्याचे पाणी मिळाले, तिथे ह्यांनी नकाशावर पेन्सिलीने एक बारीक टिंब काढले होते. ती टिंबे पाहताना लक्षात आले, की त्यांतली निम्म्याहून अधिक गावाबाहेरच्या दफनभूमींपाशी आहेत.

पहिल्याच दिवशी आम्ही नदीकाठचा रस्ता सोडून चुनखडीच्या पठारावर चढलो. तिथे पावसाचे पाणी दगडातून थेट खाली झिरपते, त्यामुळे वर ओढा दिसत नाही. खुरटे ओक, दगडी गडगे आणि मेंढ्या एवढेच दिसते. दोघांच्या बाटल्या रिकाम्या झाल्या होत्या आणि गावातले एकमेव दुकान दुपारचे बंद होते. दफनभूमीच्या फाटकाशी नळ होता. थडग्यांवरच्या फुलझाडांना पाणी घालण्यासाठी असा नळ तिकडच्या बहुतेक गावांत असतो. पण स्मशानातले पाणी प्यायचे, ही कल्पना आमच्या मनाला पेलवेना. आम्ही घुटमळत उभे असताना आत झारीने पाणी घालणाऱ्या एक आजी बाहेर आल्या. त्यांनी माझ्या हातातली बाटली घेतली, नळ थोडा वेळ वाहू दिला, ओंजळभर पाणी आधी स्वतः प्यायल्या आणि मग बाटली भरून माझ्या हातात दिली. पुढच्या आठ दिवसांत ती शंका पुन्हा मनात आली नाही.

सँ-सिर-लापोपी हे गाव नदीपासून सुमारे शंभर मीटर उंच कड्यावर आहे. तो शेवटचा चढ आम्ही सायकली ढकलत चढलो आणि वर पोहोचल्यावर अर्धा तास नुसते लॉतचे वळण पाहत बसलो. फिझाक हे प्राचीन इजिप्तच्या चित्रलिपीचा उलगडा करणाऱ्या शाँपोलियाँ यांचे जन्मगाव आहे. ते तिथे १७९० मध्ये जन्मले. तिथल्या एका चौकात, ज्याच्या आधारे ती लिपी उलगडली त्या रोझेटा शिलालेखाची अवाढव्य प्रतिकृती काळ्या दगडात जमिनीवरच अंथरलेली आहे. लोक तिच्यावरून सहज चालत होते, पण अक्षरांवर चपलांनी पाय कसा द्यायचा म्हणून मी चपला हातात घेतल्या.

फ्रान्सच्या खेड्यांतून सायकलने हिंडलेल्या सर्वांनी इथे लिहावे, अशी विनंती आहे. कोणते खोरे, कोणता चढ, आणि पाणी कोणी दिले, हे जरूर सांगावे.

सायकलसखा

ताई, दफनभूमीच्या नळाबद्दल तुम्ही लिहिले ते वाचून फार बरे वाटले, कारण दोर्दोन्य नदीच्या काठाने फिरताना मीही तेच केले होते. एक गोष्ट मात्र नव्याने जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावी. नळावर ‘ओ नाँ पोताब्ल’ अशी पाटी असेल तर ते पाणी पिण्यासाठी नाही. डोक्यावर ओतायला ते चालते, आणि जुलैमध्ये तेवढ्यानेही पुढचे दहा किलोमीटर निभतात.

तुलूझकर

मी नोकरीनिमित्त तुलूझमध्ये राहतो, त्यामुळे घराबाहेर पडलो की कनाल द्यु मिदी हा कालवा लागतो. २०१५ च्या मे महिन्यात मी तुलूझहून भूमध्य समुद्राकाठच्या सेतपर्यंतचे २४० किलोमीटर पाच दिवसांत पुरे केले. कालव्याचा काठ म्हणजे चढ नाही, मग अवघड काय असणार, असा माझा समज होता. पहिल्या दिवशीचे सुमारे ५० किलोमीटर डांबरी वाटेवरून सुखात गेले. जिल्ह्याची हद्द ओलांडल्यावर मात्र मातीची पायवाट लागली. तिच्यात प्लेन वृक्षांची (चिनारच्या जातीच्या झाडांची) मुळे इतकी वर आलेली होती, की माझ्या अरुंद टायरांना ती सोसली नाहीत. दोन पंक्चर आणि मागच्या चाकाची एक तुटलेली तार एवढे घेऊन मी बेझिएला पोहोचलो.

तरीही नोरूझच्या खिंडीसाठी मी ती वाट पुन्हा चालेन. समुद्रसपाटीपासून १८९ मीटरवरचा हा कालव्याचा सर्वांत उंच भाग आहे. अशा माथ्यावर कालव्याला पाणी आणायचे कुठून, हाच खरा प्रश्न होता. हा कालवा उभारणाऱ्या पिएर-पॉल रिके यांनी उत्तरेकडच्या काळ्या डोंगरातले ओढे एका पाटात गोळा करून ते पाणी इथे आणले. इथून ते दोन्हीकडे वाटले जाते. एक वाटा अटलांटिकच्या दिशेने निघतो, दुसरा भूमध्य समुद्राकडे. काम १६६६ मध्ये सुरू झाले आणि कालवा १६८१ मध्ये खुला झाला, पण रिके त्याआधी काही महिने, १६८० मध्येच वारले. हे मला ठाऊक होते, म्हणून तिथे बाटली उघडून पाणी पिताना घसा दाटून आला.

झाडांविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही. काठावर सुमारे ४२ हजार प्लेन वृक्ष होते. २००६ पासून त्यांना एका बुरशीचा रोग लागला आहे. तो पाण्यातून आणि कापणीच्या अवजारांतून पसरतो आणि त्यावर उपाय नसल्यामुळे रोगट झाडे तोडून जाळावी लागतात. काही ठिकाणी मी दाट सावलीतून एकदम भगभगीत उन्हात आलो, तेव्हा दोन्ही काठांवर फक्त बुंधे होते. काठीला बांधलेली नवी रोपे माझ्या खांद्याएवढी होती.

रात्रीचा_सायकलस्वार

पुण्याच्या आम्हा मित्रांचा अनुभव सहलीचा नाही, पण खेडी तीच आहेत. ऑगस्ट २०२३ मध्ये मी पॅरिस-ब्रेस्त-पॅरिस ही लांब पल्ल्याची सायकलफेरी केली. पॅरिसजवळच्या रांबुयेहून ब्रेस्त आणि परत, साधारण १२०० किलोमीटर, ९० तासांत. पात्रतेसाठी २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटरच्या फेऱ्या त्याच हंगामात पुऱ्या कराव्या लागतात. सरावाला आम्ही कात्रज, खंबाटकी आणि पसरणी चढत होतो. आपल्या घाटात माथा कुठे आहे ते ठाऊक असते, ब्रेस्तच्या बाजूच्या ब्रिटनी प्रांतात तसे नाही. तिथला उंच समजला जाणारा रोश त्रेवेझेल हा डोंगरसुद्धा ४०० मीटरच्या आत आहे, पण चढ आणि उतार एकामागून एक येत राहतात आणि सगळ्यांची बेरीज ११ हजार मीटरच्या वर जाते.

तिसऱ्या रात्री अडीचच्या सुमारास मला डोळे उघडे ठेवणे अशक्य झाले होते. एका वळणावर घराच्या पायरीजवळ टेबल मांडलेले होते, वर कंदील, किटली, पाण्याचे जग आणि केक होते, आणि ब्लँकेट पांघरलेला दहा-अकरा वर्षांचा मुलगा आजोबांशेजारी बसला होता. त्याने माझ्या दोन्ही बाटल्या भरल्या. मी पैसे पुढे केले, तेव्हा आजोबांनी माझी मूठ मिटवली आणि घरी पोहोचल्यावर तुमच्या गावाचे एक चित्रपत्र पाठवा, एवढेच सांगितले. मी शनिवारवाड्याचे पाठवले. ती स्पर्धा नाही, तिथे क्रमांक नसतात, तरीही माणसे चार-चार रात्री रस्त्याकडेला जागतात, हे आठवले की मला आजही भरून येते.

मृदुला

नकाशावाली ताई, सेलेच्या खोऱ्यात तुम्ही आदिमानवाच्या चित्रांची पेश मेर्लची गुहा पाहिली का? काबरेरे गावातून वर जाणारा चढ छोटा पण फार तिखट आहे. १९२२ मध्ये गावातल्या दोन मुलांनी तिच्यातली चित्रे शोधली. लास्कोची प्रसिद्ध चित्रगुहा १९६३ मध्ये बंद झाली आणि तिथे आता प्रतिकृती पाहावी लागते, पण इथे अजून मूळ चित्रांसमोर उभे राहता येते. दिवसाला ठरावीक माणसेच सोडतात, म्हणून आधी नोंदणी करावी. बाहेर घामाने भिजलेले आम्ही आत शिरलो आणि गारठलो. ठिपक्यांच्या घोड्यांभोवती तळहात भिंतीवर टेकवून भोवती रंग फुंकलेले हात आहेत. आपल्याकडे लग्नात, गृहप्रवेशात कुंकवाचे हात उमटवतात. ते आठवून माझी आई तिथे बराच वेळ उभी राहिली.

आम्ही शाकाहारी असल्यामुळे खेड्यातल्या खानावळीत बदकाखेरीज फारसे काही मिळत नसे. त्यामुळे शनिवारी काओरच्या बाजारातून अक्रोड, जर्दाळू आणि बकरीच्या दुधाच्या चीजच्या छोट्या चकत्या घेऊन ठेवायचो. सोमवारी पुष्कळ गावांत बेकरी बंद असते, हे आम्हाला एका उपाशी सोमवारी कळले.

नकाशावाली

मृदुला, गुहा आम्ही पाहिली नाही. नोंदणी करावी लागते हे ठाऊक नव्हते आणि दारातूनच परतलो. तुमच्या आईंचे वाचून ती चुटपुट आज पुन्हा जागी झाली.

उतारवयातला_प्रवासी

भूक आणि पाण्याचा विषय निघाला म्हणून लिहितो. सँतेतिएनचे पॉल द विवी (१८५३–१९३०) हे वेलोसिओ या टोपणनावाने लिहीत. सायकलवरून दूरचा प्रवास करावा आणि चढासाठी सायकलला गिअर असावेत, हे त्यांनी फ्रान्सला आयुष्यभर पटवून दिले. भूक लागण्याआधी खावे आणि तहान लागण्याआधी प्यावे, असा त्यांचा नियम होता. साठाव्या वर्षी त्यांच्याच गावाजवळच्या, ११६१ मीटर उंचीच्या रेपुब्लिक खिंडीत मी तो मोडला आणि माथ्याच्या दोन किलोमीटर अलीकडे हातपाय गळून रस्त्याकडेला बसलो. मागून आलेल्या एका मोटारीतल्या बाईंनी मला साखरेचे खडे आणि पाणी दिले आणि मी उभा राहीपर्यंत त्या तिथून हलल्या नाहीत.

ल्योनची_अरुंधती

आम्ही बरगंडीत होतो. झिव्री ते क्लूनी ही बंद पडलेल्या रेल्वेमार्गावरची वाट १९९७ मध्ये खुली झाली. मोटारींना मज्जाव असलेली अशी ‘हरित वाट’ फ्रान्समध्ये पहिलीच. मुलगी तेव्हा सात वर्षांची होती आणि रूळ जिथे होते तिथून आपण चाललो आहोत, याचे तिला विलक्षण अप्रूप वाटले. क्लूनीच्या दक्षिणेला १.६ किलोमीटर लांबीचा ब्वा क्लेरचा बोगदा आहे. आम्ही मार्चच्या सुरुवातीला गेलो आणि फाटक बंद होते, कारण हिवाळ्यात तिथे वटवाघळे झोपलेली असतात. आम्हाला डोंगरावरून जावे लागले. लेक थकून रडकुंडीला आली होती, पण वटवाघळांना उठवायचे नाही म्हणून आपण वरून जातोय, असे सांगितल्यावर ती डोळे पुसून निघाली आणि माथ्यापर्यंत दबक्या आवाजात बोलत होती.

सायकलसखा

अरुंधती, आम्ही येत्या वसंतात दोन लहान मुलांना घेऊन तिकडेच जाण्याचा विचार करत आहोत. बोगदा कधी उघडतो, आणि डोंगरावरच्या वाटेत पाणी मिळते का?

ल्योनची_अरुंधती

एप्रिलच्या मध्यावर जा, म्हणजे बोगदा उघडा असेल. आत गारठा असतो, मुलांचे स्वेटर पिशवीत अगदी वरच ठेवा. वरून जावेच लागले तर पाणी क्लूनीतच भरून घ्या, आम्हाला वाटेत नळ दिसला नाही. त्या दिवशी उताराच्या पायथ्याशी पहिल्या गावात मिळाले, तेही दफनभूमीच्या फाटकाशीच.