थंडीत मोटरहोममध्ये झोपताना हीटर चालू ठेवावा की बंद करावा?

चाकांवरचंघर
उणे ८ अंशांत दोन रात्री मोटरहोममध्ये काढून आलो. तिथे शेजारच्या गाडीवाल्याशी वाद झाला, तो अजून डोक्यातून जात नाही. त्याचं म्हणणं, झोपताना हीटर सरळ बंद करायचा आणि जाड पांघरुणात शिरायचं. मी रात्रभर मंद चालू ठेवतो, आत १२ अंश राहतील इतपत. माझ्यासाठी नाही, नळ्यांसाठी. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि पंपाचं, नळाचं प्लास्टिक तेवढं सोसत नाही. बरं, तडकलेला सांधा पहाटे कळतही नाही. दुपारी बर्फ वितळतो आणि गादी ओली लागते, तेव्हा कळतं.

पांघरूणवादी
असहमत. नळ्यांसाठी रात्रभर इंधन जाळायचं? त्यापेक्षा झोपण्याआधी पाणी सोडून द्या ना. सगळे नळ उघडायचे, टाकी रिकामी झाली की पंप क्षणभर फिरवायचा, शॉवरची नळी खाली धरून निथळायची. बॉयलर विसरू नका, लोक नेमका तोच विसरतात. सांडपाण्याची टाकी उघडी ठेवून खाली बादली. रात्रीपुरतं पिण्याचं पाणी डब्यात.
आणि खरी भीती वेगळीच आहे. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला ना वास, ना रंग. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून अधिक घट्ट चिकटतो. जागा माणूस डोकं दुखलं म्हणून दार तरी उघडेल. झोपलेला काय करणार?

पानापक्कड
इथे दोन वेगळी यंत्रं एकाच पारड्यात घातली जातायत. गाडीत पक्का बसवलेला गॅस किंवा डिझेल हीटर बंद पेटीत जळतो. हवा बाहेरून घेतो, धूर बाहेर सोडतो, आत येते ती फक्त ऊब. भीती बाळगायची ती स्वयंपाकाच्या शेगडीची. तिच्यावर गाडी तापवणं रात्रीच काय, दिवसाही नको. शिवाय सिलिंडरातला १ किलो प्रोपेन गॅस जळला की दीड लिटरहून जास्त पाणी वाफ होऊन हवेत येतं. उघड्या जाळावर ते सगळं आतच, आणि सकाळी काचांवरून ओघळ.

पांघरूणवादी
धूर बाहेर सोडतो हे मान्य. पण बाहेर म्हणजे कुठे? डिझेल हीटरची नळी बहुतेक गाड्यांत खाली निघते. रात्रीत हिम साचून गाडीच्या कडा बुजल्या की धूर खालीच कोंडतो आणि तळाच्या झरोक्यांतून वर येतो. पहाटे तीनला उठून फावडं कोण मारणार, तुम्ही?

चाकांवरचंघर
हो, मी मारतो :) झोपण्याआधी एकदा आणि मध्ये जाग आली की एकदा. छपरावर धुराडं असेल तर तेही मोकळं करायचं. आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच.

ओलीगादी
माझी चूक सांगते. गार वारा येतो म्हणून पहिल्या सहलीत तळाचे झरोके टॉवेल कोंबून बंद केले होते. सकाळी कपाटामागची भिंत निथळत होती आणि महिन्याभराने तिथे बुरशी. तो झरोका श्वासासाठीही असतो आणि जमिनीलगत साचणारा गळका गॅस निघून जावा म्हणूनही, हे नंतर कळलं. हीटर ठेवा नाहीतर बंद करा, झरोक्याला हात लावू नका. गारठा पुढच्या काचेतून येतो, तिथे बाहेरच्या बाजूने जाड आवरण घाला. आतून लावलं तर त्याच्यामागे काच ओली होते.

शून्याखाली
बॅटरीबद्दल कुणीच बोललं नाही. हीटरचा पंखा रात्रभर वीज खातो आणि थंडीत शिसे-आम्ल बॅटरी आधीच मलूल. हा मुद्दा पांघरूणवाद्यांचा. पण लिथियम आयर्न फॉस्फेट असेल तर बाजी उलटते. शून्याखाली तिला चार्ज करायचं नसतं, त्यामुळे आत ऊब हवीच.
आणि ज्यांचा हीटर पहाटे ‘आपोआप’ विझतो त्यांनी सिलिंडर बघावा. ब्युटेन उणे अर्ध्या अंशाच्या खाली वाफच होत नाही, प्रोपेन उणे ४२ पर्यंत होतो. मिश्र सिलिंडरात प्रोपेन आधी उडून जातो. हलवलं तर आत डुचमळतं आणि हीटर मात्र थंड.

घरकोंबडा
एवढं करण्यापेक्षा थंडीत घरी बसा की.

पानापक्कड
घरकोंबडा, नावाला जागलात.
मूळ वादावर एवढंच की आधी गाडीचे कागद बघा. ईएन १६४६ या युरोपीय मानकाची तिसरी श्रेणी असेल तर बाहेर उणे १५ असताना आत २० अंश मिळायला हवेत आणि पाणीही चालू राहायला हवं. अशा गाडीत हीटर बंद करून कुडकुडण्यात काय शौर्य? श्रेणी नसेल, नळ्या उघड्यावर असतील, तर १२ अंशांवर ठेवूनही त्या गोठतील. तिथे पांघरूणवादींचं बरोबर, पाणी सोडा.

पांघरूणवादी
माझी गाडी जुनी, नळ्या उघड्यावर. म्हणजे मी जिंकलो? तरी हिच्या आग्रहाखातर उठण्याआधी तासभर हीटर लागेल असा टायमर बसवलाय. शेजाऱ्यांना सांगू नका.