मदत हवी आहे: तळ्यातलं केंदाळ दरवर्षी परत का येतं?

पाणकाठ: गावतळं 2 एकर, खोली साधारण 6 फूट. तिसरा हिस्सा केंदाळानं, म्हणजे जलपर्णीनं झाकलाय. दोन वर्षं मे महिन्यात काठावरून जेसीबीनं काढली, दिवाळीपर्यंत पुन्हा तेवढीच. गावचं सांडपाणी नाल्यानं तळ्यातच येतं. तळ्यात मासे आहेत, खालच्या अंगाला विहिरी. कुणी तणनाशक म्हणतं, कुणी किडे सोडा म्हणतं. नेमकं काय करावं?

ओलगवत: तणनाशक नको. मेलेलं केंदाळ तळाशी बसून कुजतं, पाण्यातला ऑक्सिजन खातं आणि पहाटे मासे वर येऊन तडफडतात. शिवाय विहिरी आहेत.

परत येण्याचं कारण दुपटीत आहे. उबदार आणि सांडपाण्यावर पोसलेल्या पाण्यात ही वनस्पती साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते. शंभरातली पाच रोपं राहिली, तर दोन-सव्वादोन महिन्यांत शंभर पूर्ण. जेसीबीचा हात काठापुरताच पोचतो, आणि बकेटनं रोपांना जोडणारी आडवी खोडं तुटून तुकडे मोकळे होतात. कोंब असलेला प्रत्येक तुकडा म्हणजे नवं रोप.

काळीमाती: बियांचं विसरू नका, खरी मेख तिथे आहे. फूल सुकलं की दांडा वाकून पाण्यात जातो आणि बी गाळात पडतं. ते पंधरा-वीस वर्षंही टिकू शकतं. उन्हाळ्यात पाणी ओसरून काठचा गाळ उघडा पडला, ऊन लागलं की रुजतं. ही पिल्लं ओळखू येत नाहीत: पानं पट्टीसारखी अरुंद, देठाला फुगा नाही, मुळं गाळात. लोक त्यांना गवत समजतात. पावसानं पाणी चढलं की तीच सुटून तरंगू लागतात. म्हणून एप्रिल ते जूनच्या सुरुवातीपर्यंत दर दहा दिवसांनी काठ फिरून मुळासकट उपटा.

पाणकाठ: आणि मोठा थर?

ओलगवत: तिसरा हिस्सा म्हणजे जवळपास 27 गुंठे. दाट थर हेक्टरी 300 टनांपर्यंत भरतो, म्हणजे तुमच्याकडे 80 टनांच्या आसपास ओला माल. ट्रॉलीत तो वजनापेक्षा आकारानं भरतो, तीन टन धरले तरी 25 ते 30 खेपा. आधी बांबू आणि रिकाम्या कॅनची दोरी बांधून थर पट्ट्यांत अडवा, म्हणजे वाऱ्यानं साफ केलेल्या भागात सरकणार नाही. वारा ज्या काठाकडे लोटतो तिथेच उपसा. काढलेला माल पाण्यापासून निदान 20 फूट दूर टाका. काठावरचा ढीग पहिल्या पावसात परत तळ्यात.

यात 90 टक्क्यांहून जास्त पाणी असतं. आठवडाभर उन्हात सुकवून, चिरून, शेणाच्या थरांसह 3 फूट उंचीचा ढीग लावा आणि पंधरवड्यानं उलथवा. थंड ढिगात बी मरत नाही, म्हणून फुलं आलेली झाडं वेगळी जाळा. नाल्यात कारखान्याचं पाणी मिसळत असेल तर खत भाजीला अजिबात नको, मुळं शिसं आणि कॅडमियम धरून ठेवतात.

काळीमाती: नाला तोडला नाही तर हे सगळं दरवर्षी करावं लागेल. सांडपाणी शोषखड्ड्यांत वळवा, ग्रामपंचायतीकडून आधी तेच मागा.

पाणकाठ: किड्यांचं काय?

काळीमाती: दक्षिण अमेरिकेतले, जलपर्णी खाणारे नियोकेटिना सोंडकिडे ऐंशीच्या दशकात बंगळुरूला सोडले, तिथल्या हेब्बाळ तळ्यात जलपर्णी बरीच कमी झाली. पण काही वर्षं लागतात, आणि सांडपाण्यावर माजलेलं झाड किड्यांच्या पुढे वाढतं. आता ते देशभर पसरलेत, म्हणून आधी पानं बघा: 2-3 मिलिमीटरचे जवळपास चौकोनी खरवडलेले डाग दिसले तर ते तुमच्याकडे आहेतच. नसतील तर शेजारच्या तळ्यातली डागाळलेली 100-200 झाडं, फुलं खुडून, एका पट्ट्यात सोडा आणि तो पट्टा उपसू नका. आळ्या देठातच राहतात, ट्रॉलीत भरलेल्या झाडाबरोबर त्याही जातात.